मोठ्या क्रीडास्पर्धांची सायबर सुरक्षा : त्याच त्या चुका टाळा

एखाद्या मोठ्या स्पर्धेच्या संगणकव्यवस्थेची जबाबदारी नव्याने अंगावर घेणारी मंडळी बहुतेक वेळा पहिला प्रश्न एकच विचारतात : फायरवॉल (बाहेरून जाळ्यात येणारी नको ती वाहतूक अडवणारी यंत्रणा) कोणता घ्यावा? फायरवॉल लागतोच, पण सुरुवात तिथून करणे ही पहिली चूक आहे. उद्घाटनाची तारीख आणि वेळ कित्येक महिने आधी जाहीर झालेली असते, ती ऐनवेळी पुढे ढकलता येत नाही, आणि हल्लेखोराला हे आपल्याइतकेच ठाऊक असते. त्यामुळे त्या संध्याकाळी सगळे बंद पडले, तर दारावर उभ्या असलेल्या प्रेक्षकाला आत कसे घ्यायचे, हे आधी ठरवावे आणि खरेदीची यादी त्यानंतर करावी.

सगळी कुलपे एकाच किल्लीने उघडणे

या चुकीवर मी पुन्हा पुन्हा बोलतो, कारण ती पुन्हा पुन्हा होते. दक्षिण कोरियातील प्योंगचांग येथे ९ फेब्रुवारी २०१८ रोजी रात्री आठ वाजता हिवाळी ऑलिंपिकचा उद्घाटन सोहळा सुरू होत असतानाच आयोजकांच्या डेटा सेंटरमधले डोमेन कंट्रोलर एकामागून एक बंद पडू लागले. कोणी लॉगिन करायचे आणि कोणाला काय उघडता येईल, हे ठरवणारा सर्व्हर म्हणजे डोमेन कंट्रोलर. तोच गेला की त्याच्या भरवशावर चालणारे सारे खोळंबते. स्टेडियममधले वाय-फाय गेले, दूरचित्रसंच बंद झाले, अधिकृत संकेतस्थळ आणि अ‍ॅप चालेना, आणि काही प्रेक्षकांना तिकीटही छापून घेता आले नाही.

‘ऑलिंपिक डिस्ट्रॉयर’ या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या या मालवेअरची, म्हणजे घातक सॉफ्टवेअरची, कार्यपद्धती नवख्यांनी नीट समजून घ्यावी. चोरलेली लॉगिन नावे आणि पासवर्ड त्याच्यात आधीच भरलेले होते. हाती लागलेल्या प्रत्येक संगणकावरून ते आणखी पासवर्ड उचलत असे आणि पीएसएक्झेक व डब्ल्यूएमआय या, प्रशासक रोज वापरतात त्याच साधनांनी पुढच्या संगणकावर जात असे. नंतर ते शॅडो कॉपी (विंडोजने ठेवलेल्या फाइलींच्या जुन्या प्रती) पुसून टाकी, विंडोजची दुरुस्तीची सोय बंद करी, यंत्रावर काय काय घडले याच्या नोंदी साफ करी आणि यंत्र निकामी करून सोडी. ज्या प्रशासकाच्या खात्याला सगळीकडे मुभा असते, त्या खात्याचा पासवर्ड चोरणाऱ्यालाही सगळीकडे मुभा मिळते, इतकी ही गोष्ट सरळ आहे.

तिथल्या तांत्रिक चमूने त्या रात्री जे केले, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. मध्यरात्रीच्या सुमारास त्यांनी संपूर्ण जाळे इंटरनेटपासून तोडले, पहाटे अँटिव्हायरस कंपनीकडून त्या मालवेअरची ओळख पटवणारी फाइल मिळवली, सर्वांचे पासवर्ड बदलले, बॅकअपवरून सर्व्हर पुन्हा उभे केले आणि सकाळी आठच्या आत बहुतेक यंत्रणा चालू केली. हे जमले, कारण अशा प्रसंगांचा सराव त्यांनी आदल्या वर्षापासून केलेला होता.

माझी सवय अशी आहे की तिकीट, निकाल, प्रक्षेपण आणि कार्यालय या चार विभागांना प्रशासकाची वेगवेगळी खाती द्यायची आणि एका विभागाचे खाते दुसऱ्या विभागात चालता कामा नये, हे स्वतः बसून तपासायचे. बॅकअपची एक प्रत जाळ्याला न जोडलेल्या डिस्कवर ठेवायची आणि ती परत कशी चढवायची याच्या पायऱ्या कागदावर छापून ठेवायच्या. ‘एवढा वेळ कुठे आहे?’ असे म्हणणाऱ्या तरुण सहकाऱ्यांना मी प्योंगचांगची ती रात्र सविस्तर सांगतो.

तात्पुरती खाती, जी कधीच तात्पुरती नसतात

स्पर्धा महिनाभर चालते आणि तिच्यासाठी कंत्राटदार, स्वयंसेवक, निकालाचे सॉफ्टवेअर पुरवणारे, केबल टाकणारे असे शेकडो लोक येतात. प्रत्येकाला स्वतंत्र खाते देण्याचा कंटाळा येतो, म्हणून एकच खाते उघडून त्याचा पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला जातो. या पळवाटेची मला मनस्वी चीड आहे.

एका राज्यस्तरीय स्पर्धेच्या तयारीत मी आयोजकांकडे खात्यांची यादी मागितली. यादी तर नव्हतीच, पण मागच्या वर्षीच्या पुरवठादाराचे खाते चालू होते, त्याचा पासवर्ड ग्रुपच्या माहितीत लिहिलेला होता आणि संस्था सोडून गेलेली माणसेही त्या ग्रुपमध्ये होती. रंगीत तालमीच्या दिवशी, सर्वांना पूर्वकल्पना देऊन, मी ते खाते बंद करायला लावले. काही मिनिटांतच प्रवेशद्वारावरचे स्कॅनर थांबले, निकालाचा फलक गोठला आणि भोजन कूपन छापणारे यंत्रही बंद पडले. त्या एका खात्यावर काय काय टांगलेले आहे, हे तोवर कोणालाच ठाऊक नव्हते. प्रत्यक्ष स्पर्धेच्या सकाळी हेच एखाद्या बाहेरच्याने केले असते, तर दोष कुठे शोधायचा हेही कळले नसते. तेव्हापासून माझा आग्रह असतो की प्रत्येक खात्यासमोर एका माणसाचे नाव आणि ते बंद करण्याची तारीख लिहिलेली असावी. ज्या खात्यासमोर नाव नाही, ते तालमीतच बंद करावे आणि कोण ओरडते ते पाहावे.

बाकीच्या चुका

हॉटेलच्या वाय-फायवर विसंबू नये. अमेरिकेने २०१८ मध्ये रशियन लष्करी गुप्तचर यंत्रणेच्या अधिकाऱ्यांवर ठेवलेल्या आरोपपत्रानुसार, हे लोक २०१६ मध्ये ब्राझीलमधील रिओ आणि स्वित्झर्लंडमधील लोझानला प्रत्यक्ष जाऊन उत्तेजकविरोधी अधिकाऱ्यांच्या हॉटेलांच्या वाय-फायमधून आत शिरले होते. प्रवासात स्वतःच्या मोबाइलचे इंटरनेट वापरणे ही फार मोठी तसदी नाही.

पासवर्डचा कागद भिंतीवर लावू नये. २०१४ च्या सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, सुरक्षा कक्षातील वाय-फायचा पासवर्ड दूरचित्रवाणीच्या बातमीत सर्वांनी वाचला.

सरकारी दिसणाऱ्या ईमेलवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. प्योंगचांगच्या आधी, डिसेंबर २०१७ मध्ये, कोरियाच्या दहशतवादविरोधी केंद्राचे नाव लावलेला बनावट ईमेल आयोजकांच्या आइस हॉकी विभागाच्या ईमेल पत्त्यावर गेला होता.

पैशांच्या बाबतीत तर फोन करून खात्री केल्याशिवाय बँक खाते कधीही बदलू नये. अशाच फसव्या ईमेलमुळे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे सुमारे २५ लाख डॉलर गेल्याच्या बातम्या जानेवारी २०२३ मध्ये आल्या होत्या.

मुख्य स्टेडियम मजबूत करून आजूबाजूच्या संस्था विसरणे हीदेखील चूकच आहे. पॅरिस २०२४ च्या काळात फ्रान्सच्या सायबर सुरक्षा संस्थेने ८ मे ते ८ सप्टेंबर या कालावधीत ५४८ घटना नोंदवल्या, त्यांपैकी ८३ मध्ये हल्लेखोर आत शिरण्यात यशस्वी झाले होते. ऑगस्टमध्ये पॅरिसच्या ज्या ग्रां पाले या प्रदर्शन-इमारतीमध्ये तलवारबाजीचे सामने होत होते, त्याच्याशी संबंधित संग्रहालय संस्थेवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हल्ला झाला. स्पर्धा मात्र सुरळीत पार पडल्या.

हाताने चालवण्याची सोय काढून टाकू नये. लंडनमध्ये २७ जुलै २०१२ च्या पहाटे, उद्घाटनाच्या दिवशीच, वीजव्यवस्थेवर हल्ला होण्याची शक्यता असल्याचा इशारा आला, तेव्हा आयोजकांनी माणसे तैनात करून वीज हाताने सांभाळण्याची तयारी ठेवली. हल्ला झाला नाही, पण ती तयारी आधी अनेकदा करून पाहिलेली असल्यानेच ऐनवेळी शक्य झाली.

शेवटची चूक म्हणजे पहिल्या तासातच ‘हे कोणी केले’ याचा निकाल लावणे. ऑलिंपिक डिस्ट्रॉयरमध्ये उत्तर कोरियाच्या हल्लेखोरांसारख्या खुणा मुद्दाम पेरलेल्या होत्या आणि अनेक जाणकार त्यामुळे चकले. रशियाच्या लष्करी गुप्तचर विभागातील सहा अधिकाऱ्यांवर अमेरिकेने आरोप ठेवले ते ऑक्टोबर २०२० मध्ये. आयोजकांचे काम नोंदी जपण्याचे आहे. त्या मालवेअरने नोंदी पुसल्या होत्या हे लक्षात ठेवून, सर्व सर्व्हरच्या नोंदींची प्रत दर क्षणी एका वेगळ्या यंत्रावर जाईल, आणि त्या यंत्राचे खाते डोमेनमध्ये (डोमेन कंट्रोलरच्या ताब्यातल्या जाळ्यात) नसेल, अशी व्यवस्था पहिल्याच आठवड्यात करून घ्यावी.