बॉयलर घेताना आधी विचारा, गॅस किती बारीक होतो?

साताऱ्याच्या आमच्या घरी तांब्याचा बंब होता. त्याच्या दोनच तऱ्हा, एकतर धडाडून पेटलेला, नाहीतर विझलेला. इंग्लंडात रेडिंगला १९३०च्या दशकातलं घर घेतलं, मागच्या बाजूला स्वयंपाकघर वाढवलं आणि हौसेने तिथल्या फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या टाकून घेतल्या. पहिल्याच हिवाळ्यात कळलं, घर तापवणारा आपला ३० किलोवॉटचा गॅसचा बॉयलरही बंबाच्याच कुळातला.

जानेवारीत एका रात्री बॉयलरसमोर स्टूल टाकून, मोबाइलवर स्टॉपवॉच लावून बसलो. बर्नर दोन मिनिटं पेटायचा, चार-पाच मिनिटं गप्प. मग पुन्हा फुस्स. तासाभरात नऊ वेळा. बायको म्हणाली, "झोपायला या, तो काही पळून जात नाही."

कारण साधं होतं. २८ चौरस मीटर फरशी. खालून चांगलं इन्सुलेशन असेल तर कडक थंडीतही चौरस मीटरला साधारण ६० वॉट पुरतात, म्हणजे पावणेदोन किलोवॉटसुद्धा नाही. आणि आमच्या बॉयलरचा गॅस कितीही बारीक केला तरी ७ किलोवॉटच्या खाली यायला तयार नव्हता. वाटीभर दूध तापवायला लग्नाच्या आचाऱ्याची शेगडी! सतत पेट-विझ झाली की गॅस वाया जातो आणि आतले भागही लवकर झिजतात.

तेव्हा दुकानदार मोठा आकडा सांगत असेल तर ऐकून घ्या, पण माहितीपत्रकात छोटा आकडा शोधा: हीटिंगसाठी किमान आउटपुट. '१ ला १० मॉड्युलेशन' (म्हणजे ज्योत दहाव्या भागापर्यंत बारीक होते) असं लिहिलं असेल तर ३० किलोवॉटचा बॉयलर ३ पर्यंत उतरतो. त्यापेक्षा खाली उतरणारा मिळाला तर फारच छान. एवढं करूनही एका खोलीची फरशी त्याला कमीच पडते. म्हणून खोलीगणिक थर्मोस्टॅट लावून तळमजल्याचे तुकडे करू नका. तीन-चार लूप, म्हणजे फरशीखालच्या नळ्यांचे फेरे, एकदम चालू राहतील असं बघा. ते जमत नसेल तर मध्ये बफर टाकी, म्हणजे गरम पाणी साठवून ठेवणारी टाकी, बसवावी लागते.

घराला एकूण किती उष्णता लागते याचा हिशेब इन्स्टॉलरने खोलीवार करून द्यायला हवा. आमच्याकडे आलेल्या पहिल्या माणसाने रेडिएटर (गरम पाणी खेळवून खोली तापवणारे पत्रे) मोजले आणि "३५चा घ्या" म्हणून मोकळा झाला. मी मग मीटरवरून अंदाज काढला. बाहेर शून्याच्या आसपास असताना २४ तासांत १४ घनमीटर गॅस गेला. घनमीटरमागे साधारण ११ युनिट धरली तर १५४ युनिट, त्याला २४ने भागलं की ६.४ किलोवॉट. आंघोळी आणि बॉयलरमध्ये वाया जाणारी उष्णता वजा केली की साडेपाचच्या आत. अख्खं घर! (मीटर जुना असेल तर तो घनफुटांत असू शकतो, बघून घ्या.)

मग २४-३० किलोवॉटचे कॉम्बी बॉयलर (घर तापवणारे आणि नळाचं पाणीही तिथल्या तिथे तापवून देणारे) का विकतात? नळाच्या पाण्यासाठी. २४ किलोवॉटमध्ये ३५ अंशांनी तापलेलं पाणी मिनिटाला जेमतेम १० लिटर मिळतं, ३०मध्ये १२. एक बाथरूम असेल तर कॉम्बी पुरे. दोन शॉवर एकदम चालत असतील, त्यात भारतातून आई-बाबा तीन महिन्यांसाठी येत असतील, तर सिस्टिम बॉयलर आणि त्याने तापवलेलं पाणी साठवणारी टाकी घ्या. मग बॉयलर घराच्या गरजेइतका लहान निवडता येतो.

दुसरी महत्त्वाची गोष्ट तापमानाची. फरशीला ३५ ते ४५ अंशांचं पाणी लागतं, जुन्या रेडिएटरना ६०-७०. कंडेन्सिंग बॉयलरची खरी बचत परत येणारं पाणी ५५ अंशांच्या खाली असलं तरच सुरू होते. तेव्हा धुरातली वाफ आत निवून आपली उष्णता देऊन जाते. म्हणजे फरशी ही त्याच्यासाठी आयती सोय. पण वर रेडिएटर असतील तर बॉयलर त्यांच्यासाठी ७०वर चालतो आणि मॅनिफोल्डवरचा (फरशीच्या नळ्या जिथून फुटतात तिथला) मिक्सिंग व्हॉल्व्ह फरशीसाठी ते पाणी निववतो. फरशी खूश, बचत गेली. आम्ही वरचे दोन रेडिएटर मोठे बसवले आणि सगळंच ५० अंशांवर आणलं. वेदर कंपेन्सेशन असलेला कंट्रोल मागून घ्या. बाहेरची थंडी बघून तो स्वतःच पाणी कमी-जास्त तापवतो. आईचा निकष याहून सोपा: "पायाला कोमट लागलं पाहिजे, चटका नको." लोक वावरतात तिथे फरशीचा पृष्ठभाग २९ अंशांच्या वर नेत नाहीत, लाकडी असेल तर २७.

बॉयलरमधून निथळणारं पाणी बाहेर नेणारी नळी भिंतीबाहेर असेल तर ती ३२ मिलिमीटरची घ्या आणि गुंडाळून ठेवा, नाहीतर नेमक्या कडाक्याच्या पहाटे ती गोठते आणि बॉयलर बंद. इन्स्टॉलर 'गॅस सेफ' या तिथल्या अधिकृत यादीत नोंदलेलाच हवा. त्याच्या कार्डाची मागची बाजू पाहा, कोणत्या कामाची परवानगी आहे ते तिथे लिहिलेलं असतं.

बाहेर जागा असेल तर हीट पंपाचाही (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर आत आणणारं यंत्र) भाव काढा. इंग्लंड-वेल्समध्ये ऑक्टोबर २०२३पासून त्याला ७,५०० पौंड अनुदान आहे. आत्ता बॉयलरच घेणार असाल तरी नळ्या दाट, १५० मिलिमीटरवर टाकून घ्या. पुढे पंप लावला तर त्याच फरशीवर चालेल.

नवा बॉयलर आला की ओला स्क्रीड (फरशीखालच्या नळ्यांवर ओतलेला थर) वाळवायला तो लावायचा मोह होईल. लावू नका, तडे जातात. सिमेंट-वाळूच्या स्क्रीडला २१ दिवस द्या, मग तीन दिवस २५ अंशांचं पाणी, त्यानंतर चार दिवस ठरलेलं कमाल तापमान. आम्ही ते तीन आठवडे जिन्याखाली इंडक्शनवर खिचडी करून काढले.