जुन्या लाकडी ग्लायडरचा पंख तपासताना

जुने लाकडी ग्लायडर (बिनइंजिनाचे विमान) दुरुस्तीला घेताना पटाशी हाती धरण्याआधी त्याच्या पंखाची रचना समजून घ्यावी, कारण कोणता भाग कोणता भार वाहतो हे ठाऊक नसेल, तर दिसलेली चीर किरकोळ आहे की जीवघेणी, हे ठरवता येत नाही. नमुना म्हणून जर्मन रचनाकार हान्स याकोब्स यांचे 'माइझे' हे ग्लायडर घेऊ. 1940 च्या ऑलिंपिकसाठी सर्व देशांच्या वैमानिकांना एकसारखे ग्लायडर देण्याचे ठरले होते आणि 1939 मध्ये इटलीतील सेझे येथे झालेल्या चाचण्यांतून त्याची निवड झाली. पंखविस्तार 15 मीटरांपुरता मर्यादित होता आणि फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपा) नव्हते. युद्धामुळे ते खेळ झालेच नाहीत, पण ब्रिटनमधील न्यूबरी येथे याच आराखड्यावरून 'ऑलिंपिया' ग्लायडरे तयार झाली.

या पंखाचे मूळ जर्मनीतील हॅनोव्हरच्या 'व्हॅम्पिर' या ग्लायडरमध्ये (1921) सापडते. त्यात एकच मुख्य स्पार (पंखाच्या लांबीभर जाणारी तुळई) होता आणि स्पारच्या पुढचा भाग पातळ प्लायवुडने मढवून त्याची बंद नळी केलेली होती. स्पार पंखाला वाकण्यापासून सावरतो आणि ही नळी त्याला पिळू देत नाही; मागच्या फासळ्यांवर केवळ कापड ताणलेले असते. एवढ्या कमी वजनात इतकी ताठ रचना साधणे ही मला त्या काळातील सर्वांत सुंदर कल्पना वाटते. तपासणीचा क्रमही तिच्यातूनच ठरतो: आधी स्पार, मग प्लायवुडची नळी आणि कापड शेवटी.

स्पारच्या वरच्या आणि खालच्या पट्ट्या पाहण्यासाठी तपासणीच्या झरोक्यांतून दिवा तिरका धरावा, म्हणजे बारीक रेघाही सावलीमुळे उठून दिसतात. उड्डाणात वरची पट्टी दाबली जाते आणि खालची ताणली जाते. मात्र जोरात आदळलेल्या उतरणीत पंखाची टोके खाली झुकतात आणि भार उलटतो, म्हणून दोन्ही पट्ट्या तितक्याच बारकाईने पाहाव्यात. लाकडाच्या रेषांना आडवी गेलेली, केसासारखी सुरकुती दिसली, तर तेथील तंतू दाबाने चुरले आहेत असे समजावे. अशी सुरकुती सरस भरून झाकू नये. तो भाग कापून काढावा आणि तिरक्या सांध्याने नवे लाकूड जोडावे. सांध्याचा उतार साधारण 1:12 ठेवावा, म्हणजे 10 मिलिमीटर जाडीला 120 मिलिमीटर लांबी. नव्या लाकडाच्या रेषा सरळ असाव्यात, त्यात गाठी नसाव्यात आणि ओलावाही जुन्या लाकडाशी जुळणारा असावा.

सरसाकडे विशेष लक्ष द्यावे. दुधातील प्रथिनापासून केलेला केसीन सरस कोरड्या जागी दीर्घकाळ टिकतो, पण ओल लागली की मऊ पडतो आणि त्यावर बुरशी धरते. म्हणून पाणी साचू शकेल अशा जागा, म्हणजे पंखाचे मूळ, मागची कड आणि बुजलेल्या निचरा-भोकांजवळचे कोपरे, आधी पाहावेत. कुबट वास, काळसर डाग किंवा धातूच्या फिटिंगभोवती गंजाची छटा दिसली, तर ती फिटिंग काढून बोल्टच्या भोकांचे लाकूड तपासावे. प्लायवुडवर नाण्याने हळू ठोकत जावे. घट्ट जागी आवाज टणक येतो, सुटलेल्या जागी पोकळ. संशय राहिला तर तेवढे प्लायवुड उघडावे. आतून खात्री न करता बाहेरून सुबक दिसणाऱ्या पंखावर विश्वास ठेवणे मला मान्य नाही.

दुरुस्तीनंतर दोन्ही पंखांच्या टोकांचा कोन मोजून पीळ (मुळाच्या तुलनेत टोकाला मुद्दाम दिलेला कल) आराखड्याप्रमाणे आहे का, हे पाहावे. त्यानंतरच कापड चढवून डोपचे (कापड आकसून ताणणाऱ्या रोगणाचे) पातळ थर द्यावेत. घाईने दिलेला जाड थर आकसताना नाजूक फासळ्या वाकवतो. शेवटी ग्लायडरचे वजन करावे, गुरुत्वकेंद्र पुन्हा काढावे आणि अधिकृत तपासनीसाची लेखी संमती मिळेपर्यंत उड्डाण करू नये.