घरी बसून वेबडिझाइन शिकताय? निदान या चुका तरी टाळा

संधिवातामुळे २०१४ पासून माझं घराबाहेर पडणं जवळजवळ थांबलं. २०१७ च्या दिवाळीत भावाने त्याचा जुना लॅपटॉप दिला. मांडीवर उशी, उशीवर पोळपाट आणि त्यावर लॅपटॉप, अशी मी वेबसाइट बनवायला शिकले. आत्याकडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या लोकांना वाचता याव्यात, एवढ्यासाठीच. आता माझ्यासारखेच घरात अडकलेले लोक फोन करून शंका विचारतात. कोणाला आजारी सासूबाईंजवळून हलता येत नाही, कोणाचं बाळ चार महिन्यांचं आहे, कोणाचा पाय प्लास्टरमध्ये आहे. प्रत्येकाला आपली अडचण वेगळी वाटते, पण चुका त्याच त्या असतात. क्लासमध्ये शेजारी बसलेला माणूस चूक लगेच दाखवतो. घरी एकट्याने शिकणाऱ्याची चूक महिनोन्‌महिने तशीच राहते, म्हणून हे लिहिते आहे.

मराठीच्या जागी भलतंच दिसतंय

हा फोन महिन्यातून एकदा तरी येतोच. मी आधी विचारते, "भलतंच म्हणजे नक्की काय दिसतंय? वाचून सांगा." कारण यात तीन वेगळे आजार आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि त्यापुढे एक विचित्र चिन्ह, असंच पुन्हा पुन्हा दिसत असेल तर घाबरू नका. तुमचा मजकूर शाबूत आहे, ब्राउझर तो चुकीच्या पद्धतीने वाचतोय. एचटीएमएलच्या, म्हणजे पानाच्या कोडच्या, हेड भागात अगदी वरती 'मेटा कॅरसेट यूटीएफ-८' (<meta charset="utf-8">) ही ओळ घाला, पान पुन्हा उघडा, मराठी परत येईल.

तुमच्या लॅपटॉपवर मराठी छान दिसतं, पण नणंदेच्या फोनवर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो, असं असेल तर तुम्ही कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलंय. त्या फाइलमध्ये मराठी नसतंच. असतात इंग्रजी अक्षरं, आणि तो फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. ज्याच्याकडे फॉन्ट नाही त्याला आतली खरी अक्षरं दिसतात, आणि गूगललाही तीच दिसतात. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे. नवा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप करायचं आज एकही कारण उरलेलं नाही. जुना मजकूर कन्व्हर्टरमधून काढा, पण नंतर स्वतः ओळ न् ओळ वाचा. रफार, 'ऱ्हा', 'ऱ्या' आणि पहिली वेलांटी यांची तिथे हमखास गडबड होते.

तिसरा आजार प्रश्नचिन्हांचा. फाइल उघडली तरी ओळीच्या ओळी नुसती प्रश्नचिन्हं. मी एकदा यातून गेले आहे.

२०१८ चा जानेवारी. आत्या तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. ती दुपारी फोनवर ओव्या सांगायची आणि मी नोटपॅडमध्ये थेट टाइप करायची. त्रेचाळीस ओव्या झाल्या होत्या. लॅपटॉपवर विंडोज ७ होतं. त्या नोटपॅडमध्ये फाइल सेव्ह करताना खाली एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवायची याचा, एक छोटा रकाना असायचा आणि त्यात आपोआप 'एएनएसआय' निवडलेलं असायचं. एएनएसआयमध्ये देवनागरी बसत नाही. नोटपॅड तशी ताकीदही द्यायचं: या फाइलमध्ये युनिकोड अक्षरं आहेत, अशी सेव्ह केली तर ती जातील. चौकट इंग्रजीत होती, बोटं दुखत होती, लाइट जायची वेळ झाली होती. मी न वाचता 'ओके' दाबलं आणि लॅपटॉप बंद केला. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली तर त्रेचाळीस ओव्यांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या ओळी. शब्दांमधल्या मोकळ्या जागा तेवढ्या जागच्या जागी होत्या, त्यामुळे कुठली ओवी कुठे होती ते कळत होतं, पण वाचता एक अक्षर येत नव्हतं. भावाने त्याच्या ऑफिसातल्या माणसाला विचारलं. उपाय नव्हता. अक्षर जाऊन त्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं की मूळ अक्षर कुठेच उरत नाही.

आत्याने पुन्हा सांगितल्या. एकतीस आठवल्या, त्यातल्या काही आधीपेक्षा वेगळ्या. बारा गेल्या त्या गेल्याच.

म्हणून हे मनापासून सांगते. २०१९ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या अपडेटपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करतं. पण घरी शिकणाऱ्याच्या वाट्याला बहुतेक वेळा घरातला सगळ्यात जुना लॅपटॉप येतो. त्यात एन्कोडिंगचा रकाना बघितल्याशिवाय सेव्ह करू नका. त्याहून चांगलं म्हणजे कोड लिहायला व्हीएस कोड किंवा नोटपॅड प्लस प्लस हा प्रोग्रॅम वापरा. दोन्ही फुकट आहेत. आणि चौकट आली की ती वाचा. इंग्रजी समजलं नाही तर 'कॅन्सल' दाबा, फोनवर फोटो काढा आणि कोणाला तरी विचारा. कॅन्सल दाबून आजवर कोणाचं लिखाण गेलेलं मी पाहिलेलं नाही.

इंग्रजी टेम्प्लेट मराठीवर जसंच्या तसं चढवणं

ही चूक नवशिक्यांइतकीच पैसे घेऊन साइट बनवणाऱ्यांकडूनही होते, आणि दर वेळी मला तितकाच त्रास होतो. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या तयार साच्यात, शीर्षकाची आणि मेनूची अक्षरं थोडी लांब लांब ठेवलेली असतात. इंग्रजीला ते शोभतं. त्याच जागी 'पाककृती' लिहिलं की शिरोरेषा तुटते. पा, क, कृ, ती, प्रत्येक अक्षर आपापली तुटकी रेघ डोक्यावर घेऊन वेगळं उभं राहतं. लिहिणारीला काहीतरी खटकत असतं, पण नेमकं काय ते कळत नाही. मग ती फॉन्ट बदलते, रंग बदलते, आकार वाढवते. एका बाईंनी पंधरा दिवसांत सात फॉन्ट बदलले होते.

मी त्यांना फोनवर सांगितलं: शीर्षकावर राइट क्लिक करा, 'इन्स्पेक्ट' दाबा. उजवीकडे सीएसएसच्या, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या, ओळी दिसतील. 'लेटर-स्पेसिंग', म्हणजे अक्षरांमधलं अंतर, शोधा. त्या ओळीवर माउस नेला की डावीकडे बरोबरची खूण असलेला छोटा चौकोन दिसेल, ती खूण काढा. पलीकडून क्षणभर आवाज नाही. मग त्या म्हणाल्या, "अगंबाई, रेघ जुळली!" त्या एका मिनिटात त्या जेवढं शिकल्या तेवढं आधीच्या पंधरा दिवसांत शिकल्या नव्हत्या. इन्स्पेक्टमध्ये केलेला बदल फक्त तुमच्या स्क्रीनपुरता असतो, पान रिफ्रेश केलं की जातो. त्यामुळे तिथे बिनधास्त प्रयोग करा आणि पटलं तेच खऱ्या फाइलमध्ये लिहा. इथे मराठीसाठी लेटर-स्पेसिंग शून्य, यात मी तडजोड करत नाही.

त्याच टेम्प्लेटमधली दुसरी गोष्ट म्हणजे ओळींमधलं अंतर. इंग्रजी शीर्षकाला अक्षराच्या आकाराच्या १.१ किंवा १.२ पट पुरतं. मराठीत वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला आणि रफाराला जाऊन टेकतो. मी मजकुराला १.७ आणि शीर्षकाला १.४ ठेवते, अक्षर १८ पिक्सेलचं. हे पुस्तकातलं गणित नाही. आत्याला चष्म्याशिवाय वाचता येईल का, यावर ठरवलेलं आहे.

तिरपी अक्षरंही मराठीत वापरू नका. बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये तिरपी अक्षरं वेगळी काढलेलीच नसतात. ब्राउझर सरळ अक्षर नुसतं एका बाजूला कलवतो आणि जोडाक्षरं वाचवत नाहीत. जोर द्यायचा असेल तर ठळक करा.

फॉन्टसाठी गूगल फॉन्ट्सवर मुक्त आहे, मुंबईच्या एक टाइपने केलेला. लांब मजकुराला मला तोच बरा वाटतो. तिरो देवनागरी मराठी हाही तिथेच मिळतो, त्यात मराठी वळणाचे ल आणि श आहेत. पानाच्या पहिल्या टॅगमध्ये (टोकदार कंसातल्या खुणेत) भाषा 'ईएन' असते, ती बदलून 'एमआर' करा. काही फॉन्ट त्यावरूनच मराठी ल-श दाखवतात, आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांना पान मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर त्यावरूनच कुठल्या भाषेत वाचायचं ते ठरवतो.

फुकटात मिळालेली 'प्रीमियम' थीम

एका कॉलेजच्या मुलाने अपघातानंतर घरी बसल्या बसल्या प्रवासाचा ब्लॉग सुरू केला होता. विकतची थीम, म्हणजे साइटचं तयार रूप, कुठल्याशा टेलिग्राम ग्रुपवर फुकट मिळाली म्हणून टाकली. दोन महिन्यांनी गूगलवर त्याच्या ब्लॉगच्या नावाखाली जुगाराच्या साइटची पानं दिसू लागली. थीमच्या फाइलमध्ये कोणीतरी आधीच कोड घुसवून ठेवला होता. साफ करता करता शेवटी सगळं पुसून नव्याने मांडावं लागलं. वर्डप्रेस या ब्लॉग बनवायच्या साधनाच्या स्वतःच्या संग्रहात हजारो थीम फुकट आहेत. साधी घ्या. जे विकायला ठेवलंय ते फुकट वाटणारा माणूस तुमच्या भल्यासाठी वाटत नसतो.

छोट्या, पण रोजच्या

फोटो तुमच्या लॅपटॉपवर दिसतो आणि ऑनलाइन दिसत नाही? फाइलच्या नावातली अक्षरं बघा. विंडोजला मोठ्या अक्षरांतलं 'जेपीजी' (JPG) आणि लहान अक्षरांतलं 'जेपीजी' (jpg) एकच वाटतं. साइट ज्यांवर ठेवतात ते बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात, त्यांना ती दोन वेगळी नावं वाटतात. सगळी नावं लहान इंग्रजी अक्षरांत ठेवा आणि मध्ये मोकळी जागा सोडू नका.

फोटोचा पत्ता सी ड्राइव्हपासून सुरू होत असेल तर तो फोटो जगात फक्त तुम्हालाच दिसतोय.

फोनमधला फोटो तसाच चढवू नका. तो ४००० पिक्सेल रुंद आणि चार-पाच एमबीचा असतो. असे आठ फोटो म्हणजे वाचकाचा तीस-चाळीस एमबी डेटा एका पुरणपोळीवर खर्च. रुंदी १२०० पिक्सेल करा, दोनशे केबीच्या आत आणा. स्क्वूश नावाचं साधन ब्राउझरमध्येच चालतं आणि फोटो तुमच्या संगणकाबाहेर जात नाही.

बदल केला तरी दिसत नाही? आधी कंट्रोल आणि एफ५ एकत्र दाबा. तरीही दिसला नाही तर तुम्ही बहुतेक दुसरीच फाइल बदलताय.

वर्डमधून चिकटवताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरा, नाहीतर वर्डचे फॉन्ट आणि रंग सोबत येतात.

पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं ठेवू नका. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक निदान ४.५ ला १ हवा, असा वेबचा प्रमाणित निकष आहे. इन्स्पेक्टमध्ये रंगाच्या चौकोनावर क्लिक केलं की क्रोम हा आकडा दाखवतो.

ती निळी चौकट काढू नका

टॅब की दाबत गेलं की लिंकभोवती एक चौकट फिरते. "ती घाण दिसते, कशी काढू?" असं मला अनेकांनी विचारलंय, आणि 'आउटलाइन नन' ही ती चौकट काढणारी सीएसएसची ओळ कुठूनतरी उचलून चिकटवलेली साइट तर रोजच भेटते. सकाळी माझी बोटं इतकी आखडलेली असतात की माउस धरता येत नाही. मी टॅबनेच साइट वाचते. चौकट नसली की मी पानावर कुठे आहे तेच मला कळत नाही, आणि मी ते पान सोडून देते. चौकट आवडत नसेल तर तिचा रंग बदला, जाडी बदला, पण ती असू द्या.

चाळीस तासांचा व्हिडिओ आणि चार दिवसांची घाई

अंथरुणावर पडून कोर्सचे व्हिडिओ बघत राहणं फार सोपं आहे. बघताना सगळं समजतं. मग कोरी फाइल उघडली की हात हलत नाही. मी दहा मिनिटं बघायची, बंद करायची आणि आठवेल तसं स्वतः टाइप करायची. अडलं की मॉझिलाची एमडीएन ही वेबचं शिक्षण देणारी साइट उघडायची. तिथे सगळं फुकट आणि नीट लिहिलेलं आहे. शीर्षक, परिच्छेद, लिंक, फोटो, यादी असे डझनभर टॅग आले की ब्लॉगचं पान उभं राहतं.

"ताई, चार दिवसांत साइट होईल ना?" होते. पण पाचव्या दिवशी शीर्षक जरा डावीकडे घ्यायचं असलं की परत मला फोन येतो. घाई करणारा एका वेळी सहा बदल करतो, पान मोडतं, आणि सहापैकी कुठल्या बदलाने मोडलं ते त्याला सांगता येत नाही. माझी सवय अशी: एक बदल, सेव्ह, बघणं, मग पुढचा. झोपण्याआधी अख्ख्या फोल्डरची कॉपी, नावात तारीख, आणि तीच कॉपी पेनड्राइव्हवर. वर्डप्रेस असेल तर 'एक्सपोर्ट' केलेल्या फाइलमध्ये फोटो नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात. 'अपलोड्स' फोल्डर वेगळा उतरवून घ्या.

"छान झालंय" यावर थांबणं

घरच्यांना लिंक पाठवली की सगळे छान म्हणतात. त्यातून काहीच कळत नाही. मी फोन करून एक काम सांगते आणि स्वतः गप्प बसते. गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंना म्हटलं, "माझी साइट उघडा आणि सीतेची ओवी शोधून मला वाचून दाखवा." त्यांनी साइट उघडली. खाली गेल्या, वर आल्या, पुन्हा खाली गेल्या. मेनूच्या तीन आडव्या रेघांवर त्यांचं बोट एकदाही गेलं नाही. सहा मिनिटांनी त्या म्हणाल्या, "यात सीता नाहीच गं." सीता दुसऱ्या पानावर होती. त्या संध्याकाळी मी तीन रेघा काढून टाकल्या आणि तिथे 'सगळ्या ओव्या' असं लिहिलं.