मुंबईत घर घेताना या चुका टाळा

फ्लॅट बघायला गेलेला माणूस नळ सोडून बघतो, वारा येतो का बघतो, पार्किंगवरून दलालाशी हुज्जत घालतो. इमारतीखालची जमीन कुणाच्या नावावर आहे, हे विचारणारा मात्र विरळाच. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट मिळालं, महापालिकेचं मालमत्ता कराचं बिल येतंय, म्हणजे सगळं आपलंच! अहो, कराचं बिल हा मालकीचा पुरावा नव्हे. जमिनीसाठी प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे जमीन कुणाची याची सरकारी नोंद, हेच बघावं लागतं.

कांदिवलीतल्या एका सोसायटीत पुनर्विकासाचे पेढेसुद्धा वाटून झाले होते. नव्या बिल्डरच्या वकिलाने प्रॉपर्टी कार्ड काढलं, तर त्यावर अजून मूळ जमीनमालकाचंच नाव. तो केव्हाच वारलेला, आणि आजचा भाव कळल्यावर वारसांची तोंडं चार दिशांना. १९६३च्या मोफा या फ्लॅटखरेदीच्या कायद्याखालच्या नियमांनुसार सोसायटी नोंदल्यावर चार महिन्यांत कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं, व्हायला हवं होतं. इथे ते कुणी मागितलंच नव्हतं. शेवटी डीम्ड कन्व्हेयन्ससाठी, म्हणजे मालकाच्या सहीशिवाय सरकारी आदेशाने जमीन नावावर करून घेण्यासाठी, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचं ठरलं. त्याला सभासदांचे नोंदणीकृत करारनामे लागतात, आणि तळमजल्यावरच्या काकांकडे नुसती झेरॉक्स. "इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, आता कशाला?" म्हणत ते सेक्रेटरीच्याच अंगावर गेले. मूळ करारनामा मुलाला विम्याच्या पॉलिसींच्या पिशवीत सापडला, तोवर बिल्डर दुसरीकडे निघून गेला होता.

मी टोकन देण्याआधी सीटीएस नंबर (शहराच्या मोजणीतला जमिनीचा क्रमांक) मागतो, कार्डाची प्रिंट काढतो आणि धारकाच्या नावाखाली लाल रेघ मारतो. मोबाइलवर वाचलं की डोळा घाईत पुढे सरकतो. सत्ताप्रकाराचा, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने धरली आहे त्याचा, रकानाही वाचा. जमीन कलेक्टरची निघाली, तर हस्तांतरणाला परवानगी लागू शकते. दलाल म्हणेल, "सर, इथे सगळ्यांचं असंच आहे." सगळ्यांचं असेलही, पैसे तुमचे आहेत.

एसआरएची (झोपडपट्टी पुनर्वसनातली) खोली 'पॉवर'वर, म्हणजे नुसत्या मुखत्यारपत्रावर, स्वस्तात मिळते म्हणून उडी मारू नका. ताब्यानंतर ठरावीक वर्षं ती विकताच येत नाही, आणि पॉवर ऑफ ॲटर्नीने मालकी मिळत नाही.

करारात किंमत कमी दाखवून मुद्रांक शुल्क वाचवणारे हुशार वेगळेच. शुल्क रेडी रेकनरची (सरकारने ठरवलेल्या दराने येणारी) किंमत आणि करारातली किंमत यांत जी जास्त, तिच्यावर लागतं. रोखीने दिलेल्या रकमेची पावती कुणी देत नाही, हे वेगळं.

म्हाडाच्या लॉटरीत एजंटला पैसे? म्हाडाने एजंट नेमलेलेच नाहीत. आणि उत्पन्न गट निवडताना बायकोचा पगार 'विसरू' नका, पती-पत्नीचं एकत्र धरतात. नंबर लागल्यावर कागद तपासताना हे बाहेर येतंच.