बल्ब दाबला की इंजिन पळायचं

जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन. सुरू लगेच व्हायचं, मंद गतीवर कुरकुर नाही. पण थ्रॉटल पूर्ण उघडला की थोड्याच वेळात धाप लागायची. अशा वेळी जो तो कार्बोरेटर उघडायला सांगतो. मी आधी पेट्रोलच्या पाइपवरचा रबरी प्रायमर बल्ब धरला; हा हाताने दाबला की पेट्रोल इंजिनाकडे ढकलतो. निम्मं निदान तो फुकटात करतो.

इंजिन गुदमरू लागताच बल्ब दाबत राहिलो आणि त्याने उचल घेतली. म्हणजे कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं) तुंबलेले नव्हते, पेट्रोलच कमी पोचत होतं. बल्ब आत ओढला जाऊन चपटा झाला असता तर अडथळा टाकीकडे: झाकणाचा हवेचा स्क्रू बंद, जाळी तुंबलेली, किंवा पाइपचं आतलं अस्तर सुटलेलं. (इथेनॉलमुळे जुने पाइप आतून सोलतात, बाहेरून मात्र ठणठणीत.) माझा बल्ब चपटा होत नव्हता, पण दाबून कडकही होत नव्हता.

मग इंजिनावरच्या पेट्रोलच्या पंपाच्या अलीकडे पारदर्शक नळीचा तुकडा जोडला. बुडबुड्यांची रांगच! म्हणजे पाइपात हवा शिरत होती. पाइप जोडायच्या कनेक्टरची ओ-रिंग (रबरी कडी) तडकली होती. बल्ब दाबताना तिथे पेट्रोल पाझरायचं.

ती बदलली, बुडबुडे थांबले, तरी पूर्ण वेगाला थोडी धाप उरलीच. पंप खोलला. हा पंप एका सिलिंडरच्या क्रँककेसमधल्या (पिस्टनखालच्या बंद पोकळीतल्या) दाबाच्या ठोक्यांवर चालतो, आणि त्याचा डायफ्रॅम (लवचीक पडदा) ताठ होऊन कडेला टाचणीएवढं भोक पडलेलं. त्यातून पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये जायचं. त्याच सिलिंडरचा प्लग ओला का, तेही कळलं. डायफ्रॅम आणि गॅस्केट नवं घातलं. आता बल्बला फक्त सुरू करताना हात लागतो.