वस्तीत लैंगिक आरोग्य तपासणी केंद्र सुरू करायचं असेल तर

खोली, खुर्च्या, किट हे सगळं नंतर. आधी हे पक्कं करा की चाचणीत काही निघालं तर तो माणूस दुसऱ्या दिवशी नेमका कुठे आणि कुणाकडे जाणार. बोटातून रक्त घेणं सोपं आहे. घाबरलेल्या माणसाला आयसीटीसीच्या (एचआयव्हीचं समुपदेशन आणि चाचणी करणाऱ्या सरकारी केंद्राच्या) दारापर्यंत नेणं अवघड, आणि माणसं गळतात ती याच टप्प्यावर.

महाराष्ट्रात पहिली भेट जिल्हा एड्स नियंत्रण पथकाला द्या. मुंबईत हे काम मुंबई जिल्हा एड्स नियंत्रण संस्था पाहते. सरकारी कार्यक्रमाशी जोडून घेतलं की प्रशिक्षण, किट आणि नोंदींचे नमुने यांची सोय तिथून होते. जवळची आयसीटीसी, सुरक्षा क्लिनिक (लैंगिक आजारांवर उपचार करणारं) आणि एआरटी केंद्र (एचआयव्हीवरची औषधं देणारं) इथल्या समुपदेशकांना प्रत्यक्ष भेटा, ओपीडीचे वार लिहून घ्या.

फलकावर ‘आरोग्य तपासणी’ एवढंच लिहा. शुगर आणि बीपीही तपासा, म्हणजे रांगेत कोण कशासाठी उभा आहे हे शेजाऱ्याला कळत नाही. समुपदेशनाच्या खोलीला दार हवंच, पडद्याआडचं बोलणं बाहेर ऐकू येतं. कामगार वस्तीत वेळ संध्याकाळची ठेवा. दुपारी फारसं कुणी येणार नाही.

२०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार माहितीपूर्ण संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. चाचणीआधी आणि नंतर समुपदेशन करा. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती आणि पोक्सो (बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायदा) या दोन्हींचा प्रश्न येतो, म्हणून त्यांच्याबाबत काय करायचं ते पहिल्या दिवसाआधीच वकिलाला विचारून ठरवा.

आता चाचणी. एचआयव्ही आणि सिफिलीस दोन्ही दाखवणारी ड्युअल किट मिळाली तर उत्तम. मधल्या बोटाच्या किंवा अनामिकेच्या टोकाला, जरा कडेला टोचा. स्पिरिट पूर्ण वाळू द्या, पहिला थेंब कापसाने पुसा, दुसरा घ्या. बोट फार दाबू नका, रक्तात ऊतींमधला द्रव मिसळतो. पाकीट आयत्या वेळी फोडा, एका कंपनीचं बफर (किटसोबत येणारं द्रावण) दुसऱ्या किटला वापरू नका. टायमर लावा: किटच्या माहितीपत्रकात दिलेल्या किमान वेळेआधी वाचू नका आणि कमाल वेळेनंतर तर मुळीच नाही, कारण उशिरा खोटी रेघ उमटू शकते. कंट्रोलची (किट नीट चाललं हे दाखवणारी) रेघ नसेल तर चाचणी बाद. चाचणीची रेघ फिकट असली तरी ती संसर्गाची शक्यता दाखवणारी, म्हणजे रिअ‍ॅक्टिव्हच धरायची. अनेक किटना ३० अंशांची मर्यादा असते. मे महिन्यात चंद्रपूरकडे पत्र्याखालची खोली ती सहज ओलांडते, तेव्हा किट साठवायची सोय आधी बघा.

लॅन्सेट (बोट टोचायची सुई) पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. हातमोजे लाल पिशवीत. कचरा नेणाऱ्या अधिकृत संस्थेशी करार झाल्याशिवाय पहिलं बोट टोचू नका.

निकाल सांगताना ‘पॉझिटिव्ह’ म्हणू नका. एका चाचणीवर एचआयव्हीचं निदान होत नाही, ते आयसीटीसीत तीन वेगवेगळ्या चाचण्यांनी पक्कं होतं. कार्यकर्त्याने स्वतः सोबत जावं, शक्यतो दुसऱ्याच दिवशी. निदान झालं तर एआरटी मोफत आहे आणि सीडी-४ (रक्तातल्या प्रतिकार पेशींचा आकडा) कितीही असला तरी ती लगेच सुरू होते, हे त्याच बैठकीत सांगा. सिफिलीसची रॅपिड चाचणी पूर्वी उपचार झालेल्यांमध्येही बहुधा आयुष्यभर रिअ‍ॅक्टिव्ह राहते. म्हणून आरपीआर किंवा व्हीडीआरएल या सिफिलीसच्या दुसऱ्या प्रकारच्या रक्तचाचण्यांपैकी एक करून घ्या आणि उपचार डॉक्टरांवर सोपवा. गरोदर बाई असेल तर थांबू नका, त्याच दिवशी पाठवा.

निगेटिव्ह आलेल्याला मोकळं सोडू नका. अलीकडेच जोखमीचा संबंध आला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा बोलवा. संबंधाला ७२ तास झाले नसतील तर पीईपीसाठी (संसर्ग टाळण्यासाठी संबंधानंतर घ्यायच्या औषधांसाठी) ताबडतोब सरकारी रुग्णालयात पाठवा, त्यात प्रत्येक तास मोलाचा.

फोन केलेला चालेल का, किती वाजता, आणि घरच्या कुणी उचलला तर काय सांगायचं, हे चाचणीआधीच विचारून त्या माणसाला नावाऐवजी दिलेल्या कोडनंबरापुढे लिहा. नाव आणि कोड यांची वही वेगळ्या कपाटात, कुलपात ठेवा.