एका रात्रीत उजळलेला क्वेसार

इंदूरला एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी क्वेसार, म्हणजे दूरच्या आकाशगंगेचं कृष्णविवराभोवतीचं झगझगीत केंद्र, घेतला, तेव्हा आजीनं विचारलं, "अब्जावधी प्रकाशवर्षं लांबचा ना गं? मग लुकलुकतो कशानं?"

वाटेतल्या वायूनं. आपल्या आकाशगंगेत ताऱ्यांच्या मधल्या वायूत मोकळे इलेक्ट्रॉन असतात, कुठे दाट, कुठे विरळ. त्यातून येताना रेडिओ लहरी वाकतात; कुठे एकवटतात, कुठे पांगतात. आमच्या वाड्यातल्या हौदाच्या तळाशी दुपारी उन्हाची जाळी हलायची, तसंच. पृथ्वी त्या जाळीतून सरकते आणि आपल्याला तेज कमी-जास्त दिसतं. मात्र उगम अगदी बारीक हवा. म्हणून तर आपल्या हवेतून पाहताना तारे लुकलुकतात, ग्रह सहसा नाही.

पीकेएस 0405-385 या क्वेसारची हकिगत नवख्यांनी जरूर वाचावी. तासाभरात बदलणारं त्याचं तेज 1990 च्या दशकात ऑस्ट्रेलियात टिपलं गेलं. बदल त्याचा स्वतःचा मानला तर तेज-तापमान (इतकं तेज द्यायला उगम किती तप्त हवा ते) 10²¹ केल्विन निघतं, आणि अशा उगमांची मर्यादा 10¹² च्या आसपास! म्हणजे ती वाटेतल्या वायूचीच लुकलुक. मला जास्त आवडतो तो जे1819+3845. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला 30 किलोमीटरनं फिरते, कधी त्या वायूच्या दिशेनं, कधी उलट; त्यामुळे वर्षातले काही महिने त्याची लुकलुक जलद, काही महिने संथ. क्वेसारला आपलं कॅलेंडर कुठून ठाऊक असणार? पुढे 2006-07 च्या सुमारास ती लुकलुक जवळपास थांबलीच.

आता माझी फजिती. पुण्याजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा जुना डेटा घेतला होता, 610 मेगाहर्ट्झचा. क्वेसार एका रात्रीत 8 टक्क्यांनी चढला! सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, मैत्रिणींना गराडू (तळलेला कंद) खिलवून मोकळी झाले. प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमनी आलेख पाहिला. "तासांचा खेळ साधारण 5 गिगाहर्ट्झच्या आसपासचा. इतक्या खालच्या वारंवारतेला आठवडे, महिने लागतात. शेजारच्या कॅलिब्रेटरचा, म्हणजे तुलनेसाठीच्या स्थिर स्रोताचा, आलेख काढलास?"

काढला. तोही 8 टक्के चढलेला. ज्याच्यावरून बाकी सगळ्यांचं तेज मोजतात, त्या प्रमाण-स्रोताचं तेज त्या एका दिवसासाठी मी हातानं भरलं होतं, तेच चुकलं होतं.

तेव्हा प्रकल्प घेताना एक स्थिर शेजारी आधीच निवडा आणि त्याचा आलेख क्वेसारच्याही आधी काढा. कॅलिब्रेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे कासामध्ये, हात बसायला मला दोन महिने लागले. वेळापत्रकात ते धरा. लिनक्स येत नसेल तर अजून थोडे.

दुरुस्तीनंतर माझ्या क्वेसारची रेघ जवळजवळ आडवी आली. तोंडी परीक्षेत तीच दाखवली. गराडूचे पैसे मैत्रिणींनी अजून परत केलेले नाहीत.